वैनी असं म्हणणार नाही

— आणि तो सोफा. नाही, आधी माझं ऐकून घे, रुचिता, तू मघापासून सगळं स्वतःच्या अंगावर घेतेयस — मी कमी पडले, मी कमी पडले — अगं, सीरियल बंद होतेय त्यात तू कुठे कमी पडलीस? जांभळा सोफा आणि त्यावर सोनेरी उशा, द्वारकेतल्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, मिनिस्ट्रीतून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या बाईच्या घरात? कोण ठेवतं? हा बघ माझा सोफा. वर चादर आहे, चादरीखाली कव्हर आहे, कव्हरखाली काय रंग आहे ते आता मलाही आठवत नाही. असा असतो सोफा. पहिल्या एपिसोडला दार उघडलं आणि तो जांभळा प्रकार दिसला तेव्हाच मी म्हटलं, संपलं, हे काही आपल्या वैनीचं घर नाही. लोकांनी तिथंच बंद केलं असणार, तुझा चेहरा दिसायच्या आधी. घे ना, चिवडा घे. खिडकी उघडू नकोस, बाहेर बघ कसा धूर कोंडलाय, हा पंखा पुरे. हे आत्ताच बाहेर गेलेत, मेट्रोनं, काही काम होतं म्हणाले — येतील, उशीर होईल जरा. घे.

मुळात तिला घर द्यायलाच नको होतं. त्या पहिल्या सीरियलमध्ये, ‘लिफ्ट बंद है’मध्ये, कुठे होतं तिचं घर? जिना होता. लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे अख्खी सोसायटी जिन्यात, आणि वैनी भाजीची पिशवी घेऊन वर चढतेय, प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबतेय आणि दम खाता खाता समोरच्याचं डोकं खातेय — चार मिनिटं, फार तर पाच, आणि मग ती वरच्या वळणावर दिसेनाशी व्हायची, आवाज मात्र येत राहायचा. लोक बाकीची सीरियल तेवढ्यासाठी बघायचे. इथल्या लोकांना वहिनी म्हणता येईना म्हणून वैनी, आणि दिल्ली आहे म्हणून वर जी. ते सेक्रेटरी, सीरियलमधले भाटियाजी गं, त्यांना वैनी म्हणते, मेरी चेष्टा मत करो, आणि ते हात जोडून म्हणतात, वैनीजी, हम तो पूरी चेष्टा कर रहे हैं, लिफ्टवाला ही नहीं आता. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि त्यावरून दोघं दोन मजले भांडतात. ते माझं आहे, बरं का. जसंच्या तसं. खाली नोटीस बोर्डापाशी घडलंय, आमच्या खऱ्या सेक्रेटरींशी, आणि हा उन्मेष बाजूला उभा राहून गालातल्या गालात हसत होता. तळमजल्यावरचा, माझ्या हातची थालीपिठं खाऊन मोठा झालेला, पुढे लेखक झाला — मला काय माहीत हा माझंच बोलणं मनात साठवतोय. आणि मग वैनीचं काम करायला तू आलीस. आठवतं? आठवडाभर राहिलीस इथं, माझ्या मागे मागे फिरायचीस, दुधाच्या बूथवर, मेट्रोत, बँकेत, आणि परत आलीस की आरशासमोर माझ्यासारखं बोलून बघायचीस. मी म्हटलं होतं, अगं, मी इतकी नाही बोलत. तू नुसती हसलीस.

आणि ते ‘हमारे ये’. ते तर, खरं सांगू, तू केलंस म्हणून चाललं. आपण मराठीत ‘आमचे हे’ म्हणतो, नाव घेत नाही, निदान माझ्या वयाच्या बऱ्याच बायका घेत नाहीत, आणि इथल्या लोकांशी बोलताना ‘हे’चं ‘ये’ झालं, इतकंच. हमारे ये को पूछना पडेगा. हमारे ये आने दो, फिर देखते हैं. हमारे ये को बिल्कुल पसंद नहीं. गॅसवाला, केबलवाला, देवीच्या जागरणाची वर्गणी मागणारे, पार्किंगवरून भांडणारे समोरचे — सगळ्यांना एकच उत्तर, आणि ये काही कधी दिसत नाहीत. लोकांनी काय काय तर्क केले होते. ये फौजेत आहेत, ये जेलमध्ये आहेत, ये म्हणजे मुळात मांजर आहे. एपिसोडच्या खाली लिहायचे ना लोक, मी सगळं वाचायचे. हसायचे पण. हसण्यासारखंच होतं. दिल्लीत एकट्या बाईला ‘ये’ लागतात गं, दाराला कडी लागते तसे — एकटी म्हणजे, नवरा कामाला गेलेला असतो तेव्हा एकटी, दिवसभर. तसं म्हणायचंय मला.

तर हे असं छान चाललेलं असताना सीरियल काढणाऱ्या त्या वरच्या लोकांनी ठरवलं, वैनीजींची वेगळी सीरियल करायची. नावच ‘वैनीजी’. उन्मेष पेढे घेऊन आला, तू बसलीयेस तिथंच बसला आणि म्हणाला, काकू, माणूस तुमचं आहे, तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात की ते गेलं, माझा शब्द. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो यायचा, ह्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा, मी थालीपीठ लावायचे, तो वाचायचा आणि मी सांगायचे. वैनी असं म्हणेल. वैनी असं म्हणणार नाही. सुरुवातीला फार मजा यायची. आयुष्यभर नोकरीत फायलींवर दुसऱ्यांच्या नोटिंगखाली सही केली, इथं माझ्या शब्दावर काहीतरी ठरत होतं. नावसुद्धा आलं माझं, शेवटी, बारीक अक्षरात, भाषा सल्लागार विनया सांगळे. कुणी वाचतं का ते? मी वाचलं. थांबवून वाचलं.

नव्या सीरियलमध्ये ‘ये’चं काम करणारा तो माणूस मात्र अगदीच — तुझ्यासमोर बोलू नये, तुझ्याबरोबर काम केलंय त्यानं, पण लखनौचा तो, त्याला पोहे खाता येत नव्हते. पहिल्या दिवशी पोह्यांवर दही घेतलंन् त्यानं. मी नोएडाला आले होते ना शूटिंगला, मीच त्याला बसायला शिकवलं. पेपर असा घड्या घालून, एकच बातमी समोर राहील असा. चष्मा कपाळावर ठेवायचा आणि चष्मा शोधायचा. चहा बशीत ओतायचा नाही, पण बशी हवी. बायको बोलायला लागली की आधी डोळे मिटायचे, मग हं म्हणायचं. त्याला ते हं जमेना. तो ‘हाँ’ म्हणायचा. मी म्हटलं, हाँ नको हो, हं, तोंड न उघडता, त्यात होकार नसतो. तुमचे दिग्दर्शक म्हणाले, मॅडम को सब पता है. पता असणारच की. उभा संसार ऐकलंय मी ते हं.

काय म्हणालीस? — हो. ‘ये’ दाखवायचे हे मीच सांगितलं. नाही, उन्मेषच्या मनात नव्हतं. त्यानं पहिल्यांदा वाचलं त्यात ये नव्हतेच, दाराबाहेर नुसत्या त्यांच्या चपला होत्या. मी म्हटलं, चपला कशाला, माणूसच ठेव की. घर आहे, संसार आहे, मग नवरा नको? किती दिवस लोकांना टांगून ठेवायचं? तो म्हणाला, काकू, ये खरंच घरात आले तर वैनी लोकांना धाक कुणाचा घालणार? आणि मी म्हटलं, धाक कशाला घालायला हवा तिनं, आता ती सुखात आहे. असं म्हटलं बघ मी. आता ती सुखात आहे. त्यानं दाराबाहेरच्या चपला खोडल्या आणि मी सांगितलं ते टाइप करून घेतलं.

मग काय, एकदा ये घरात आले म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. नवरा पेपर वाचतोय म्हटल्यावर बायको बोलून बोलून किती बोलेल? म्हणून बोलणं कमी केलं. मीच केलं. ‘चेष्टा’ची गंमत त्यानं परत आणली होती, नव्या तऱ्हेनं, फार छान जमली होती — मी म्हटलं, इतकी वर्षं इथं काढली, आता तिला हिंदी येत असेल, नीट बोलू दे तिला. केबलवाल्याशी भांडण होतं, ते काढलं. गच्चीवर पापड वाळत घातलेत आणि माकडं आलीत, आणि वैनी एकेका माकडाला कमिटीतल्या एकेकाचं नाव घेऊन हाकलतेय — तेही काढलं. वैनी असं म्हणणार नाही. आणि गंमत सांगू, गंमत कसली, ते सगळं मी त्याच आठवड्यात म्हटलेलं असायचं. माकडांना मी नावं घेऊन हाकललंय, मोठ्यानं, सगळी सोसायटी ऐकत होती. तो माझंच बोलणं मला वाचून दाखवायचा आणि मी त्याला सांगायचे, छे, असं कुठे कुणी बोलतं का.

तू एकदा फोन केला होतास. आठवतंय मला, चांगलं आठवतंय. म्हणालीस, काकू, ह्या एपिसोडमध्ये मला करायला काहीच नाही, मी नुसतं चहा घेणार का, चहा घेणार का करतेय. आणि मी तुला काय सांगितलं? की बाई घरात अशीच असते, जरा शांतपणे कर. तू शांतपणे केलंस. मी सांगितलं म्हणून केलंस, कारण तुला वाटलं हिला माहीत असणार. आणि लोकांनी काय लिहिलं, तर हिला जिन्यातली चार मिनिटंच जमतात, अख्खी सीरियल ओढायची ताकद नाही हिच्यात. मी इथं बसून वाचत होते ते. खाली लिहावंसं वाटत होतं, अहो, तिची चूक नाही, तिच्या तोंडचे शब्द काढून घेतलेत कुणीतरी. लिहिलं नाही. नाव न सांगता लिहिता येतं म्हणे, तरी नाही लिहिलं. मग ती दुसरी सीरियल तुझ्या हातातून गेली, नाही का, ती वकिलीणबाईंची? आणि आता तू सामान आवरून पुण्याला निघालीस. आणि मी मघापासून सोफा सोफा करत बसलेय. सोफ्यानं काय होतंय.

का केलं म्हणून काय विचारतेस. माणसाला वाटतं आपलं चांगलं दिसावं, बस. सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं वैनी म्हणजे कोण ते. जिन्यात भेटले की विचारायचे, और, आपके ये कैसे हैं, आणि हसायचे. मला वाटलं एकदाचं दाखवून टाकावं, हे बघा, आहेत. — अशी बघू नकोस माझ्याकडे. चहा घे, गार होतोय. आणि ते काय, दारात म्हणालीस तू, उन्मेषनं शेवटचा भाग लिहिलाय, निरोपाचा? मला वाचून न दाखवता? पहिल्यांदाच केलं त्यानं असं. आणि तू माझं हो घेतल्याशिवाय शूटिंगला उभी राहणार नाहीस — तुझा चांगुलपणा हा, दुसरी कुणी आली नसती एवढ्या लांब — पण आहे काय त्यात एवढं? सांग तरी.

अच्छा.

म्हणजे लखनौवाला नव्हताच. पेपर, पोहे, हं, सगळं तिनं मनात धरलेलं. सेक्रेटरी बेल वाजवतात, ती दार उघडते आणि पहिल्यांदाच म्हणते, ये नहीं हैं. ये यहाँ नहीं रहते. आणि दार लावून घेते. आणि मग आत एकटी गप्प बसून राहते, डोळ्यांत पाणी, म्युझिक, आणि संपतं. असं.

हे त्याला कुणी सांगितलं?

बॅग? कसली बॅग? थांब, नीट सांग मला. हे गेले त्या दिवशी खाली उतरले तेव्हा उन्मेष गेटपाशी होता. आणि त्यानं बॅग घेऊन ऑटोत ठेवली. आणि ह्यांनी त्याला सांगितलं, काकूकडे लक्ष ठेव. तुला त्यानं परवा सांगितलं हे? म्हणजे त्याला तेव्हापासून माहीत आहे, पहिल्या सीरियलच्याही आधीपासून. ‘हमारे ये’ लिहीत होता तेव्हाही माहीत होतं. मग तो हसत होता का गं मला? नाही. नाही, तो तसा नाही. मी सगळ्या सोसायटीला जे सांगत फिरत होते त्याचा त्यानं विनोद करून टाकला, म्हणजे मग कुणी खरं-खोटं बघायला जाणार नाही. लोक हसत राहिले आणि माझं झाकलेलं झाकलेलं राहिलं. आणि रविवारी मी त्याला तोंड वर करून सांगत होते, आता ती सुखात आहे. त्याचीसुद्धा पहिली मोठी सीरियल होती ती. एका शब्दानं म्हणाला नाही की काकू, हे खोटं आहे. थालीपीठ खायचा आणि खोडत जायचा. मी तुझं एकटीचं नाही वाटोळं केलं, दोघांचं केलं.

बरं. मग आता ऐक. हे आज मेट्रोनं कुठे गेलेले नाहीत. गेलेत, पण आज नाही. करोल बागेत राहतात. इथून गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, निळ्या लाइननं सरळ. सोसायटीत मी सांगते, गावी भावाकडे असतात, भावाची तब्येत बरी नसते; तू आठवडाभर राहिलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं होतं. दुसरी बाई वगैरे काही नाही, तसलं मनात आणू नकोस. तसं असतं तर मला सांगायला तरी काहीतरी असतं. मूलबाळ नाही, त्यामुळे थांबायला कारणही नव्हतं म्हणा. रिटायर झाले, दिवसभर घरी बसायला लागले, आणि एकदा जेवताना म्हणाले, “विनया, मला आता शांत राहायचंय.” मी म्हटलं, राहा की, कोण नको म्हणतंय, आणि मग मी त्यांना शांततेबद्दल बरंच काही सांगितलं — जेवण होईपर्यंत मी शांततेबद्दलच बोलत होते बहुतेक. ते हं म्हणाले. थोड्या दिवसांनी गेले. आणि गेले कुठे, तर करोल बागेत. आपल्या सांगलीकडचे लोक आहेत ना तिथे, सोनं गाळणारे, त्यांच्यापैकी एकाच्या घरात वरची खोली. खाली हॉर्न, गाड्यांची सीट कव्हरं विकणारे ओरडतायत, शेजाऱ्याला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. म्हणजे आवाजाचा त्रास नव्हता त्यांना. माझ्या आवाजाचा होता.

आणि मला कधी कळलं नाही बघ. नवीन नवीन दिल्लीत आलो तेव्हा रविवारी कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनात जेवायला जायचो, सगळी मराठी माणसं यायची, मी प्रत्येक टेबलाशी बोलून यायचे, कोण कुठले, कुठल्या मिनिस्ट्रीत, मुलं काय करतात, आणि हे दोघांची ताटं राखत बसायचे. मी परत आले की माझी भाकरी माझ्याकडे सरकवायचे. मला वाटायचं, ह्यांना माझं कौतुक वाटतंय.

आता कळलं ना का केलं ते? सोसायटीसाठी नव्हतं. मला वाटलं, हे बघतील. हल्ली फोनवर सगळं दिसतं, माणूस रिकामा असतो, बघतीलच. आणि बघतील की वैनी आता बदललीये. कमी बोलते. चहा विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. पेपर वाचू देते. एवढ्या लोकांची सीरियल, तुझं तोंड त्यावर, उन्मेषची रात्रंदिवस मेहनत, आणि मी ती एका माणसाला निरोप पाठवायला वापरली. सरळ मेट्रोत बसून जाऊन सांगता आलं असतं. पण मी गेले असते तर बोलले असते ना. म्हणून तुला पाठवलं, तुला न सांगता. लाज वाटते गं मला, रुचिता. तू माझ्या मागे फिरून फिरून मला शिकलीस, मला इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं कधी, आणि मी तुला काय दिलं, तर मी जी नाहीच आहे ती बाई करायला लावली, आणि तू फसलीस तेव्हा गप्प बसले. जन्मात एकदा गप्प बसले, ते नेमकं तिथं.

गेले मग मी. सीरियल बंद होणार म्हणून बातमी आली त्यानंतर, चकल्यांचा डबा घेऊन. जाताना ठरवलं होतं, काहीही झालं तरी बोलायचं नाही. जिना चढले, दार उघडंच होतं. उठले, बस म्हणाले, चहा करू का विचारलं, मी मान हलवली. त्यांनीच केला. चांगला केला. चहा पिताना खालचा गोंगाट तेवढा वर येत होता. मग त्यांनीच विषय काढला. म्हणाले, ती जिन्यातली सीरियल मी बघतो, जेवताना लावतो, झालेलेच भाग परत परत. ती वैनी फार छान आहे. पण ती नवी काढलीये ना, ती थोडी बघितली आणि बंद केली. म्हणाले, “ती कोण बाई होती? ती तू नव्हतीस.” मला काय वाटलं सांगू तुला, मला वाटलं आता म्हणतील, चल घरी जाऊ. मी पर्ससुद्धा उचलली. आणि न राहवून विचारलं, जिन्यातली इतकी आवडत होती, तर मग — आणि हे हसले. मनापासून हसले गं, किती वर्षांनी माझ्याकडे बघून हसले, आणि म्हणाले, “आवडायची की. चार मिनिटं असायची, मग वर निघून जायची.”

वाईट मनानं नाही म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, ते माझं खातं. मी डबा ठेवला आणि आले. गाडीत बसायला जागा मिळाली, शेजारी एक पंजाबी बाई होत्या, त्यांनी विचारलं, कहाँ से आ रहे हो जी, आणि मी म्हटलं, हमारे ये के यहाँ से. त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. मलाही राजौरी गार्डन येईपर्यंत वाटलं नव्हतं. मग रडू आलं.

नाही, नाही, तू उठू नकोस, पाणी आहे इथं. आणि हे बघ, तू म्हणशील, काकूंना त्रास होतो तर राहू दे, सांगते उन्मेषला, जुनंच काहीतरी दाखवून संपवू. अजिबात नाही. कर तू. ये नहीं हैं, असं म्हण, स्वच्छ म्हण. जिन्यात लोक मला विचारतील, विचारू देत, मी बघून घेईन. तुला निदान एक भाग तरी धड मिळायला हवा, लोकांना कळू दे तुला काय येतं ते. पण उन्मेषचा शेवट चुकलाय, हे मी आत्ता, सगळं सांगून झाल्यावर सांगतेय, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव. दार लावून घेते आणि गप्प रडत बसते — ते त्यानं माझी दया येऊन लिहिलंय. दया नको मला, तिला तर नकोच नको. दार लावणारच नाही ती. अगं, सेक्रेटरी समोर उभा आहे, लिफ्ट बंद आहे, पळून पळून तो कुठे जाणार? ती त्याला उंबऱ्यावर धरेल आणि सगळं सांगेल. ये कसे गेले, कुठली बॅग नेली, त्या बॅगेची चेन कशी अडकायची आणि तिला साबण कसा लावावा लागायचा, करोल बागेतली खोली कशी आहे, तिथला चहा कसा होता, सगळं. गॅसवर दूध उतू गेलं तरी सांगेल. मध्ये हुंदका आला तर येऊ दे, पण बोलता बोलता, वाक्य सोडायचं नाही. तो म्हणेल, वैनीजी, मैं तो बस नोटीस देने आया था, आणि ती म्हणेल, रुको जरा, मेरा अभी हुआ नहीं. मग तो बिचारा पायरीवर बसेल. मग ती पण बसेल. आणि बोलत राहील. म्युझिक बिल्कुल नको.

उठ. आत्ताच करून बघ, इथं, माझ्यासमोर. काय बोलायचं ते काही पाठ करायला नको तुला, मघापासून ऐकतेयसच. मी सेक्रेटरी बनते. मी बाहेर जाऊन उभी राहते, दार ओढून घेते, तू उघड आणि सुरू कर, आणि तुझं होईपर्यंत थांबू नकोस, लोक जिन्यातून येवोत नाहीतर जावोत. मी मध्ये बोलणार नाही. नाही गं, खरंच नाही बोलणार. बेल वाजली की उघड.